शेवयांचं पाणी

सोमवारी सकाळी कॉलेजला निघण्याआधी समताने रोजच्यासारखी बाटली भरली. जाड प्लास्टिकची बाटली, तिच्यावर लाल नेलपॉलिशने ओढलेल्या चार रेघा. पहिली रेघ सकाळच्या गोळ्यांची, दुसरी जेवणाची, तिसरी दुपारच्या उन्हाची, चौथी संध्याकाळच्या गोळ्यांची. सगळं मिळून सातशे मिली. बाबांच्या, म्हणजे सहदेवच्या, किडन्या थांबल्याला दोन वर्षं होत आली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी शेगावला डायलिसिस. मधल्या दिवसांत जेवढं पाणी पोटात जाईल तेवढं अंगातच राहायचं, आधी पायांत उतरायचं, मग छातीत चढायचं. म्हणून पाणी मोजून.

सोनाळ्याकडून शेगावच्या रस्त्याला लागलं की गावोगावी हेच. बोअरचं पाणी इतकं खारं की डाळ शिजत नाही, चहा फाटतो, भांड्यांवर पांढरा थर बसतो तो चिंचेनेही निघत नाही. प्यायला वीस लिटरचा जार येतो. सांडायला, धुवायला बोअर. आणि गल्लीत चार घरं मोजली की एका घरात किडनीचा पेशंट निघतोच.

“समे! ए समे! पाह्य वं इकडे, साबुदाना लागला!”

बाबा अंगणातल्या कडुलिंबाखाली उभे होते. लिंबाच्या दोन फांद्यांमधल्या दुबेळक्यात नारळाच्या काथ्याने भरलेली एक जुनी टोपली बांधलेली होती आणि तिच्यातून हिरव्या दोऱ्यांचा झुबका बाबांच्या छातीपर्यंत लोंबत होता. ना पान, ना काटा. पेन्सिलीतल्या शिशाएवढ्या जाड काड्या, एकीतून दोन, दोनातून चार फुटत गेलेल्या. आई तिला शेवया म्हणायची. त्या शेवयांना आज जागोजागी इवली, पांढरी, आरपार दिसणारी फळं धरली होती. अगदी भिजवलेला साबुदाणा.

“शेवया झाल्या, साबुदाना झाला,” आई, कलाबाई, चुलीपुढून म्हणाली. “आता उद्या याले पापड फुटन, मंग उन्हाळ्याचं माह्यं सारं कामच उरकलं.”

“तू हास. तीस वर्षं पिशव्या भरल्या म्या, साग लावला, बांबू लावला, पन असं झाड नाई पाह्यलं.”

बाबा वनखात्याच्या रोपवाटिकेत मजूर होते. रिटायर व्हायच्या वर्षी सोनाळ्याहून बदली होऊन गेलेल्या एका साहेबांच्या बायकोने जाताना हा झुबका त्यांना दिला होता. निवडुंग आहे म्हणाली. निवडुंग म्हणजे काय हे गावात पोरासोरांना ठाऊक, त्यामुळे त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. गावाच्या लेखी ते बांडगूळ होतं. त्या सकाळीही शेजारचे उत्तमराव दुधाची किटली घेऊन जाता जाता फाटकाशी थांबले.

“सहदेवभाऊ, उतरवून टाका न हे बांडगूळ. लिंब खाऊन टाकन एक दिवस.”

“बांडगूळ झाडात दात रोवते, उत्तमराव. हे नुसतं टेकते. लिंबाचं एक थेंब घेत नाई. वाऱ्यावरचं खाते आन धुक्यातलं पेते.”

“आपल्याकडे कुठलं धुकं बाप्पा? धुळा हाय नुसता.”

“म्हनून तं मी हाय न,” बाबा म्हणाले आणि दोघंही हसले.

समताची एसटी नऊ दहाची. ती तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होती. तिने फाटकातूनच झुबक्याकडे एक नजर टाकली.

“मस्त हाये, बाबा. निघते मी. बाटली ओट्यावर हाये.”

“अवं, जवळून तं पाह्य एक मिनिट.”

“संध्याकाळी पाह्यते.”

तो दिवस इतकाच. कॉलेजात तिने नव्या पुस्तकांवर शिक्के मारले, डबा खाल्ला, एका प्राध्यापकांशी दंडावरून वाद घातला. साडेपाचला घरी आली. सवयीने पहिली नजर ओट्यावरच्या बाटलीवर गेली. बाटली कोरडी होती. चौथ्या रेघेचं, संध्याकाळचं पाणीही संपलेलं.

बाबा बाजेवर बसले होते. त्यांचे ओठ सुकून त्यांना पापुद्रे आले होते.

“गोळ्या घ्यायच्या हायेत,” ते म्हणाले. “दे न माय एक घोट.”

“चौथी रेघ कुठं गेली?”

त्यांनी लिंबाकडे नजर वळवली.

“बाबा, मी काय विचारून राह्यली? माझ्या मागं सातशे मिली साडेपाच वाजेस्तोवर संपते? मंग अजून काय काय पेलं? जारचं?”

“नाई वं. जारले हात नाई लावला. शब्द देला हाय तुले.”

“शब्द तं डिसेंबरातबी देला होता.”

हे बोलायला नको होतं असं तिला तेव्हाही वाटलं. पण डिसेंबरात खरंच तसं झालं होतं. मोजूनच पिईन असा शब्द देऊनही, शेवयांना पाणी घालतो म्हणून त्यांनी जारमधून मगभर पाणी घेतलं होतं आणि लिंबाच्या आड उभं राहून अर्धा मग स्वतः प्यायले होते. समताने खिडकीतून पाहिलं होतं. आजवर कधी चोरी न केलेला माणूस पाठमोरा उभा राहून घाईघाईने पाणी पितो, हे दृश्य तिला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिलं. ती काही बोलली नव्हती. पण जानेवारीत त्यांच्या छातीत पाणी भरलं, अकोल्याला तीन दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं, आणि घरी आणल्यावर तिने दोन गोष्टी सांगून टाकल्या. जारला हात लावायचा नाही. झाडाच्या नावाने पाणी घ्यायचं नाही. झाडाला मी घालीन.

आणि तिने घातलंही. दर रविवारी, न चुकता, नळाखालची बादली भरून, बोअरचं.

“समे, खारं चालत नाई त्याले,” बाबा पहिल्याच रविवारी म्हणाले होते. “गोडं लागते. शेंडे जळतीन पाह्य.”

तिला वाटलं, पुन्हा मग मिळवायची युक्ती. “लिंबाले चालते न? मंग यालेबी चालन,” ती म्हणाली होती. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

त्या सोमवारी संध्याकाळी तिने एका चमच्यात पाणी आणलं. एक चमचा. त्यांनी तीन गोळ्या तेवढ्यावर गिळल्या. तिसरी घशात अडकली, ती त्यांनी मान वर करून, डोळे मिटून, नुसत्या थुंकीने खाली नेली.

“मी काय तुमची दुश्मन हाये का, बाबा?”

“नाई माय. तुझं बरोबर हाय.”

आई चुलीपुढे खाली मान घालून भाकरी थापत राहिली. समताला तेही आठवतं. झुबका जवळून पाहायचा राहून गेला, तो विषय कुणाच्याच लक्षात नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेगावच्या सेंटरवर त्यांना काट्यावर उभं केलं. सिस्टर सुचिताने आकडा पाहिला, कागदावर लिहिला आणि हसून समताकडे पाहिलं.

“तीन दिवसांच्या गॅपनंतर दीडच किलो वाढलं काकांचं. बाकीचे पेशंट चार-चार किलो घेऊन येतात. तुमचं लक्ष आहे बरं का, ताई.”

समताला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगायचं, वाटला. मग कालच्या कोरड्या बाटलीचा हिशेब जुळेना म्हणून जरा नवलही वाटलं, पण सिस्टरने बाबांचा हात उशीवर घेतला होता आणि नळ्या जोडल्या जात होत्या. ती बाहेर बाकावर जाऊन पुस्तक उघडून बसली.

दुसऱ्या तासाला आत धावपळ झाली. काचेतून तिला सुचिताची पाठ दिसली आणि ती पाठ वर-खाली, वर-खाली होताना दिसली. बाबांचं हृदय थांबलं होतं. असं होतं, डॉक्टर नंतर म्हणाले, डायलिसिसच्या पेशंटमध्ये होतं, कुणाची चूक नसते. समता मान हलवत होती. तिच्या हातात बोट घालून मिटलेलं पुस्तक तसंच होतं.

*

भाऊ प्रसेनजित पुण्याहून आला, सात दिवस राहिला. पुण्यानुमोदनाला विहारातली माणसं आली, वंदना झाली, मंडप उतरला, खुर्च्या गेल्या. फाटकाशी बॅग घेऊन उभा असताना त्याने विचारलं, “तू ठीक आहेस ना, ताई?” आणि ती म्हणाली, “हो. तू पोचल्यावर फोन कर.” तिसऱ्या आठवड्यात तिची रजा संपली.

झुबका वाळायला लागला होता हे तिने एका रविवारी पाहिलं, बादली घेऊन गेली तेव्हा. शेंडे तपकिरी पडले होते. मधल्या काड्या सुरकुतून सुतळीसारख्या झाल्या होत्या. साबुदाणा गळून खाली धुळीत पडला होता आणि मुंग्या तो ओढत होत्या. तिने हात लावला तर एक काडी सांध्यातून सुटून तिच्या बोटांत आली. तिने घाबरून हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात तिने वनस्पतिशास्त्राचं कपाट उघडलं. जी विद्यार्थी कधी नेत नाहीत अशी जुनी पुस्तकं तळाशी होती. तिथे ते सापडलं. साहेबांची बायको खरं बोलली होती. निवडुंगच. रिप्सॅलिस त्याचं नाव. वाळवंटात नाही, दक्षिण अमेरिकेतल्या ओल्या जंगलांत उंच झाडांच्या फांद्यांवर राहणारं कूळ. मातीशी त्याचा संबंध नाही. सालीच्या खाचेत साचलेला पाचोळा आणि दव एवढ्यावर भागतं. पानं नसल्याने पानांचं काम काड्याच करतात. काटे नाहीत, कारण तिथे उंचावर त्याला खायला कुणी येत नाही. ज्या झाडावर बसतं त्याच्या सालीत मूळ शिरत नाही, फक्त धरून ठेवतं. फळातलं बी चिकट असतं. पक्षी फळ खातात आणि चोच फांदीवर पुसतात, तिथे नवं रोप. निवडुंगाच्या साऱ्या घराण्यात हे एकटंच समुद्रापलीकडे, आफ्रिकेत, सिलोनात आपोआप उगवलेलं सापडतं. कसं गेलं ते कुणालाही खात्रीने सांगता येत नाही.

पुढच्या पानावर एक ओळ होती. क्षारयुक्त पाण्याने काथ्यात मीठ साचत जातं, आधी शेंडे जळतात, मग मुळं. शक्यतो पावसाचं किंवा गोडं पाणी द्यावं.

ती ओळ तिने तीनदा वाचली. मग पुस्तक मिटलं, कपाट लावलं, आणि एका मुलीला तिचं ओळखपत्र शोधून दिलं.

म्हणजे बाबा खरं सांगत होते. पण मग दुसरी गोष्ट समजेना. जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत, दर रविवारी, ती खारं पाणी ओतत होती. शेंडे तेव्हा का जळले नाहीत? उलट फळ कसं धरलं?

घरी येऊन तिने जारमधून तांब्याभर गोडं पाणी घेतलं आणि झुबक्यावर ओतलं. मंगळवारी पुन्हा. बुधवारी दोनदा. शुक्रवारपर्यंत टोपलीतून कुजका वास यायला लागला आणि आणखी सात-आठ काड्या सुटून पडल्या. जास्त पाणीही नको होतं त्याला. तिला हसू आलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं. थोडं दिलं तर हे, जास्त दिलं तर ते. दोन वर्षं तिने दुसरं काय केलं होतं?

रविवारी दुपारी तिने स्टूल घेतलं. टोपली उतरवून काथ्या बदलून पाहावा, एवढंच तिच्या मनात होतं. दुबेळक्यात हात घातला तर टोपलीच्या मागे, घराकडून दिसू नये अशा बेताने, काहीतरी बांधलेलं हाताला लागलं. तिने पानं बाजूला केली.

सलाईनची रिकामी बाटली होती. सेंटरवरून आणलेली असणार. बूड कापून उलटी टांगलेली, खाली सलाईनची नळी, नळीवर थेंब कमीजास्त करायचं ते चाक. नळीचं टोक टोपलीच्या काथ्यात खुपसून त्याला कापसाची वात लावलेली. चाक जवळजवळ पूर्ण आवळलेलं होतं. मिनिटाला दोन-तीन थेंब पडले असते इतपतच. तीन महिने दर आठवड्याला तिने ओतलेलं मीठ या थेंबांनी हळूहळू धुऊन काढलं होतं. आणि बाटलीच्या अंगावर लाल रेघ होती. तिच्याच नेलपॉलिशची, पण थरथरत्या हाताने ओढलेली, वाकडी. रेघ दीडशेच्या आकड्यावर होती.

बाबांच्या बाटलीवर दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेत नेमकं तेवढंच अंतर होतं. तिनेच मोजून ओढल्या होत्या.

“आई,” ती स्टुलावरूनच म्हणाली. आवाज मोठा नव्हता, तरी कलाबाई बाहेर आली. हातातलं सूप तिने ओट्यावर ठेवलं.

“हे तुले माहीत होतं?”

“हाव.”

“कधीपासून?”

“अकोल्याहून आनल्यापासून. तू बादली ओतून गेली का दुसऱ्या दिवशी त्याईचं सुरू. तू घरी नसली का रोज दुपारी तीन वाजता. दुपारचा वाटा पेतच नसत. म्या म्हनलं, अवो, जारचं देतो न मी वाटीभर, तिले काय समजते? त म्हने, नाई. समीले शब्द देला. हे माह्यं हाय, माह्याच वाट्याचं, हे कोनाले देऊ नको असं तिनं म्हनलं नाई.”

“आन त्या सोमवारी?”

कलाबाईने पदराने उगीचच ओटा पुसला.

“फळ धरलं होतं न. म्हने, लेकुरवाळं झालं, त्याले आज जास्त लागन. चौथा वाटाबी देऊन टाकला. म्या म्हनलं, संध्याकाळी काय पेसान? त म्हने, समी आली का मांगतो एक घोट. देईन समी.”

लिंबावर कावळा बसला आणि उडाला. फांदी थोडी हलली, नळी हलली.

“तू मले सांगितलं काऊन नाई? मी त्यांना तुझ्यासमोर बोलली, आई. तू ऐकत होती. चमचाभर पाणी देलं म्या.”

“सांगतलं असतं तं तू काय केलं असतं?”

समताने नळीवरचं चाक बोटाने चाचपलं.

“थेबी बंद केलं असतं तू,” कलाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली. “म्हनलं असतं, त्याईच्या अंगाले पानी लागते तेवढं लागतेच, झाडाले कायले देता? आन बरोबरबी होतं तुझं. दुपारी बसत तिथं, थेंब पाहत. त्या घंटाभरात त्याईले तहान लागत नसे म्हनत. मंग म्या काय सांगू तुले?”

ती सूप उचलून आत गेली. थोड्या वेळाने आतून गहू पाखडल्याचा आवाज यायला लागला. तो मध्येच थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

समता स्टुलावरून उतरली. तिला आता सिस्टर सुचिताचं ते हसू आठवलं, दीडच किलो, तुमचं लक्ष आहे बरं का, ताई. तिने ते आठवणं थांबवायचा प्रयत्न केला नाही. तिने सरळ विचार करून पाहिला, पुस्तकात एखादी गोष्ट उलट बाजूने तपासून पाहावी तसा. समजा त्या सोमवारी तिला सगळं ठाऊक असतं. तर तिने काय केलं असतं? एक घोट दिला असता. दोन दिले असते. तिसरा मागितला असता तर? दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं, आधी तीन दिवसांचा खाडा होता. तिसऱ्याला ती नाहीच म्हणाली असती. आज बाबा या बाजेवर येऊन बसले असते तरी तिने उद्या सकाळी बाटलीवर त्याच चार रेघा भरल्या असत्या. यातून सुटायला कुठे वाटच नव्हती. फक्त त्यांच्यावर विश्वास ठेवता आला असता, त्याला तर पाणी लागत नव्हतं.

ओट्यावर त्यांची बाटली अजून होती. कुणी उचलली नव्हती. तिने ती विसळली, जारखाली धरली आणि भरली. पहिली, दुसरी, तिसरी. चौथ्या रेघेवर हात थांबला, सवयीने. मग तिने धार तशीच चालू ठेवली. पाणी तोंडापर्यंत आलं, वाहिलं, तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं.

टोपलीतला कुजका काथ्या तिने काढून टाकला. आत जे काही उरलं होतं ते फार नव्हतं. पाच-सहा काड्या, त्यातल्या दोनच खरंच हिरव्या. मुळं केसांसारखी, काळी. ती जगतील असं आता कुठलंही पुस्तक तिला सांगू शकलं नसतं. कोरडा काथ्या भरला, काड्या बसवल्या, टोपली पुन्हा दुबेळक्यात बांधली. सलाईनच्या बाटलीत बाबांच्या बाटलीतलं पाणी ओतलं, त्यांच्या वाकड्या रेघेपर्यंत. चाक सैल केलं. फार सैल झालं, पाणी सरसर उतरायला लागलं. घाबरून तिने ते आवळलं, तर थेंबच बंद. तिसऱ्यांदा जमलं.

तीन वाजत आले होते. ऊन लिंबातून झिरपून बाजेवर पडलं होतं. ती बाबांच्या जागी बसली आणि वर पाहायला लागली. नळीत एक थेंब धरायचा, जड व्हायचा, आणि सुटायचा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक.

उरलेली बाटली तिच्या मांडीवर होती, गार आणि जड. दोन वर्षांत तिने हजार वेळा ‘बस’ म्हटलं होतं, ‘आता नाही’ म्हटलं होतं, ‘उद्या’ म्हटलं होतं. तिने बाटलीचं झाकण काढलं आणि ती बाजेवर, जिथे त्यांचा हात असायचा तिथे ठेवली.

“तुमी खरं सांगत होते, बाबा,” ती मोठ्याने म्हणाली. आतला सुपाचा आवाज थांबला. “तुमी शब्द पाळला. पेऊन घ्या आता. पाह्यजे तेवढं पेऊन घ्या, मी नाई म्हनत नाई.”